लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

पेडणे तालुक्यातील जत्रांच्या रात्री दशावतारी काला पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. डिचोलीकडच्या मुलांनाही तो अपरिचित नाही. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर आपल्या चेष्टांनी मंडपाला हसवून सोडतो आणि मध्यरात्र उलटल्यावर आख्यानाला रंग चढतो. राजा राजासारखा बोलतो, राक्षस राक्षसासारखा गर्जतो आणि पहाटे देवाचा जय झाला म्हणजे मंडळी समाधानाने घराकडे वळतात. सह्याद्रीच्या पलीकडे देशावर याच जातीची, पण निराळ्या थाटाची एक लोककला आहे. तिला तमाशा म्हणतात. या तमाशाच्या बोर्डावर एका मनुष्याने राजे आणि देव यांना जरासे बाजूस सरकावून गिरणीतला मजूर, सावकाराने नाडलेला कुणबी आणि गावकुसाबाहेरचा मांग यांना मधोमध आणून उभे केले. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि सरकारने त्याच्या खेळांवर बंदी घातली. ते शाहीर म्हणजे अण्णा भाऊ साठे. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी तेव्हाच्या सातारा व आताच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात, वाटेगाव या गावी झाला. त्यांचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव आणि आई वालुबाई. जात मांग. दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, लग्नकार्यात व देवाच्या छबिन्यापुढे हलगी वाजवावी आणि गाव देईल त्या शिळ्यापाक्यावर दिवस काढावेत, असे या जातीच्या वाट्याला आलेले जिणे होते. हलगीच्या तालावर सारे गाव नाचे. परंतु हलगी वाजविणाऱ्याची सावली अंगावर पडलेली त्याच गावाला खपत नसे.

एवढ्यावरच भागले असते तर तेही पुष्कळ झाले असते. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून तो साऱ्या देशाला लागू केला. या कायद्याने काही जातीजमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. मांगांच्या कपाळीही हा शिक्का बसला. ज्यांची नावे पोलिसांच्या दप्तरात चढली त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचा नाही, आणि कोठे चोरी झाली की प्रथम त्यांच्याच झोपड्या उचकटल्या जावयाच्या. अमेरिकेत निग्रो गुलामांच्या वंशजांना आणि आफ्रिकेत तिथल्या मूळ रहिवाशांना कातडीच्या रंगावरून हीन लेखले गेले. आपल्याकडे गोऱ्यासावळ्याची ती खूण नव्हती, म्हणून कागदावर जात लिहून ठेवण्याची सोय करण्यात आली. मुलाने अजून डोळेही उघडलेले नाहीत आणि त्याच्या नावापुढे गुन्हेगार हा शब्द तयार आहे, अशा घरात अण्णा भाऊ जन्मले. हा कायदा रद्द होण्यास स्वातंत्र्यानंतरही १९५२ साल उजाडावे लागले.

त्यांच्या नात्यात फकिरा नावाचा एक शूर पुरुष होऊन गेला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या लोकांसाठी त्याने धान्य लुटले, इंग्रजांचा खजिना लुटला आणि अखेर फाशीचा दोर गळ्यात घालून घेतला. अण्णा भाऊ जन्मले त्या वेळी फकिराने बाळंतिणीच्या खर्चासाठी ओंजळभर रुपये घरात टाकले होते, असे सांगितले जाते. पुढे अण्णा भाऊंनी त्याची फेड कशी केली ते ओघाने येईलच.

शाळा त्यांना जेमतेम दीड दिवस लाभली, असे सांगतात. मास्तरांच्या जाचामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी जी पाठ फिरविली, ती पुन्हा म्हणून त्या बाजूस तोंड केले नाही. आमच्या पेशातील माणसाने हे वाक्य लिहिताना खाली मान घालावी असेच ते आहे. या मुलाने पुढे तीसांहून अधिक कादंबऱ्या, कित्येक कथासंग्रह, पोवाडे, लावण्या, वग आणि एक प्रवासवर्णन लिहिले. त्यातल्या एका अक्षराचेही श्रेय शाळेला घेता येत नाही.

१९३१-३२ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, आईवडील व भावंडे यांच्याबरोबर अण्णा भाऊ मुंबईस निघाले, तेही पायी. तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट मिळेल ती मजुरी करीत आणि मिळेल तेथे पाठ टेकीत त्यांनी तुडविली. पेडण्यातील पुष्कळ घरांतून कोणी आजोबा, कोणी मामा पोटासाठी मुंबईस गेले, आगबोटीच्या डेकवर वळकटी टाकून निजले आणि गिरणगावच्या एखाद्या खोलीत वीस जणांत एकविसावे होऊन राहिले. त्यांच्या कथा घरोघर ऐकावयास मिळतात. तेव्हा मुंबईची ओढ म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलांना निराळे सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपल्या माणसाला गाववाल्यांच्या खोलीचा आधार होता. वाटेगावच्या या कुटुंबापाशी तोही नव्हता.

मुंबईत त्यांनी काय केले, यापेक्षा काय केले नाही हे सांगणे सोपे. हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे उचलले, चित्रपटांच्या जाहिराती भिंतींवर चिकटविल्या, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांचे फलक पाहून अक्षरांची ओळख करून घेतली. याच सुमारास मजुरांच्या सभा, मोर्चे, संप यांचे वातावरण त्यांना दिसू लागले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये साम्यवादी कार्यकर्त्यांशी त्यांचा परिचय झाला आणि त्या वस्तीतच त्यांच्या कवित्वाला आरंभ झाला. आरंभीच्या रचनांतील एक त्या वस्तीतल्या डासांवर होती. हसू येईल, पण ज्या वस्तीत गटारे नाहीत तेथे डास हा काही हसण्याचा विषय नव्हे. चंद्र, चांदणे, प्रेयसी हे कवितेचे नेहमीचे विषय सोडून हाताशी आलेल्या दुःखावर त्यांची नजर प्रथम गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मधल्या काळात ते गावी परतले आणि आपले चुलतबंधू बापू साठे यांच्या तमाशात वावरू लागले. ढोलकी कशी बोलते, सोंगाड्याने कोठे थांबावे, हजारो माणसांच्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोहोचवावा, हे सारे त्यांनी तेथे आत्मसात केले. पुन्हा मुंबईस आल्यावर ही विद्या आणि मजूरवस्तीतील अनुभव यांची गाठ पडली.

१९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. व्होल्गा नदीच्या काठी रशियन जनतेने हिटलरच्या सैन्याशी दिलेली झुंज हा त्याचा विषय. तानाजीच्या आणि शिवछत्रपतींच्या पराक्रमासाठी घडलेला हा मराठमोळा काव्यप्रकार. त्यात एका कधीही न पाहिलेल्या परक्या शहराची कथा मुंबईच्या कामगारांनी डफाच्या तालावर ऐकली आणि ती त्यांना परकी वाटली नाही. हा पोवाडा पुढे रशियन भाषेत गेला. त्याच काळात बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे अन्नान्न करून मेली, तेव्हा अण्णा भाऊंनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचून बंगालचे दुःख मराठी मजुरांच्या दारी पोहोचविले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी मिळून लालबावटा कलापथक उभे केले. अमर शेख हे मूळचे बार्शीचे. त्यांचा आवाज असा की ध्वनिक्षेपकाची त्यांना गरज पडू नये. एक मांग, एक मुसलमान आणि तिसरे गव्हाणकर, असे हे त्रिकूट चाळींच्या चौकांतून, मैदानांतून, गिरण्यांच्या दारांतून गाऊ लागले.

त्यांनी तमाशाचे काय केले, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. जुन्या तमाशाची रचना ठरलेली असे. प्रथम गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गवळण, तीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची वाट श्रीकृष्ण आणि त्याचा पेंद्या अडवितात. त्यानंतर लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे प्रत्यक्ष कथानक. अण्णा भाऊंनी गण ठेवला. मात्र त्यातील वंदन मातृभूमीला आणि तिच्यासाठी देह ठेवणाऱ्या हुतात्म्यांना केले. गवळण त्यांनी काढूनच टाकली. बाईची वाट अडवून तिची थट्टा करण्यात त्यांना रस नव्हता. वगात राजपुत्र आणि प्रधान यांच्या जागी सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी आणि त्याच्या डावपेचांना ओळखून असणारा साधा शेतकरी ही माणसे आली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांच्या वगांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. सोंगाड्या मात्र त्यांनी जपला. आपल्या संकासुराप्रमाणेच त्यालाही मोठ्यामोठ्यांची टोपी उडविण्याचा परवाना पूर्वापार मिळालेला असतो. अण्णा भाऊंनी त्या परवान्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

येथे एका जुन्या शाहिराचा उल्लेख करणे अवश्य आहे. पठ्ठे बापूराव हे वाळवे तालुक्यातीलच रेठरे हरणाक्षचे. जातीने ब्राह्मण, आडनाव कुलकर्णी. पण तमाशाच्या वेडापायी त्यांनी घरदार आणि जात यांवर पाणी सोडले. त्यांनी मुंबईवर लावणी रचली होती, आणि तीत त्या नगरीच्या वैभवाचे कौतुक होते. अण्णा भाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली. तीत मलबार हिलच्या हवेल्या आहेत, तशीच पदपथावर निजणारी, अंगावर धड वस्त्र नसलेली माणसेही आहेत. दोघेही एकाच तालुक्याच्या मातीतले, दोघांचे वृत्त लावणीचे, शहरही तेच. ब्राह्मणाच्या घरून आलेल्या शाहिराला त्या शहराचे दिवे दिसले आणि मांगवाड्यातून चालत आलेल्याला त्या दिव्यांखालचा काळोख दिसला. यात पठ्ठे बापूरावांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांनी तर कलेसाठी जे सोडले ते सोडण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी असते. माणूस कोठून पाहतो यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते, एवढेच यावरून ध्यानी यावे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण दाखवून तमाशावर बंदी घातली. लालबावटा कलापथकाचे कार्यक्रमही बंद करण्यात आले. तेथे कारण अश्लीलतेचे नसून राजकारणाचे होते हे उघड आहे. या बंदीने तमाशावर पोट भरणाऱ्या हजारो कलावंतांवर उपासमारीची पाळी आली. पुढे निर्बंध सैल झाले. तमाशा हे नाव मागे पडून लोकनाट्य हे नाव रूढ झाले, आणि ज्या सुशिक्षितांनी तमाशाच्या तंबूकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते ते लोकनाट्याची तिकिटे काढू लागले. नाव बदलल्याबरोबर कलेचा विटाळ कसा फिटतो, हे मोठे नवल आहे.

आपल्या गोमंतकात हे नवल कोणास वाटू नये. येथील देवळांच्या सभामंडपांत पिढ्यान् पिढ्या ज्यांनी गायन-वादनाची सेवा केली, त्या कलावंत घराण्यांच्या कलेला सारे श्रीमंत आणि भाविक माना डोलावीत; आणि त्याच घराण्यातील मुलाला आपला बाप कोण हे सांगण्याची चोरी असे. या अन्यायाविरुद्ध राजाराम पैंगीणकर यांनी जी चळवळ केली आणि त्यांच्या समाजाने गोमंतक मराठा समाज हे नाव धारण करून जी ताठ मान केली, तो आपल्या प्रांताच्या इतिहासातील एक उज्ज्वल भाग आहे. कला घ्यावी आणि कलावंताला उंबऱ्याबाहेर ठेवावे, ही रीत वारणेच्या खोऱ्यातही तीच आणि मांडवीच्या काठीही तीच. गावच्या उत्सवात ढोल कोण वाजवीत असे आणि तो वाजविणारा कोठे उभा राहत असे, हे आपल्या घरातील वृद्धांना एकदा विचारून पाहावे.

१९५५ मध्ये संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. मुंबईसह मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे ही त्याची मागणी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढील जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले. या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्याच १९५५ मधील १५ ऑगस्टला आपल्या पेडणे तालुक्याच्या वेशीवर, पत्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. तेथील हुतात्म्यांचे स्मारक आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

या लढ्यात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली. गावी बायकोला ठेवून पोटासाठी मुंबईला आलेला एक मजूर तिच्या आठवणीने व्याकूळ होतो, इतकाच तिचा वरवरचा विषय. ऐकता ऐकता ती दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मराठी मुलूख होऊन जाते: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. नवराबायकोची ताटातूट आणि भूमीची ताटातूट यांचे असे एकजीव चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल. ज्यांना राजकारणातील कलमे आणि अहवाल कळत नव्हते त्यांना ही विरहाची भाषा तत्काळ कळली. कारण गिरणगावातील बहुतेक पुरुष असेच एकटे राहत होते. अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ही रचना घरोघर पोहोचली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव-कारवार मात्र तेव्हाही बाहेरच राहिले आणि मैनेची भेट काही पुरी झाली नाही. आपल्या गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात आपला निराळा मार्ग पत्करला. पण तो विषय वेगळा आहे.

आता त्यांच्या जीवनाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. मजुरांच्या लढ्यात जातीचा प्रश्न आपोआप सुटेल असे अण्णा भाऊंच्या पक्षातील पुष्कळांना वाटे. अण्णा भाऊ मात्र स्वतःच्या अनुभवाने जाणून होते की गिरणीतील एकाच साच्यावर काम करणारे दोन मजूर पाणी निराळ्या माठातून पितात. म्हणून लाल निशाण खांद्यावर असतानाही त्यांची दृष्टी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीकडे लागलेली असे. या चळवळीलाही गाण्याबजावण्याची मोठी परंपरा होती. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. आपला शूद्रातिशूद्र आणि तिकडचा काळा गुलाम हे एकाच दुःखाचे वाटेकरी आहेत, हे ओळखणारा असा दुसरा पुरुष त्या काळात दिसत नाही. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातून जलसे निघाले, आणि पुढे नाशिककडचे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. अण्णा भाऊंच्या डफाला हा वारसाही होता.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. शेषनागाच्या मस्तकावर पृथ्वी तोललेली आहे ही पुराणकथा बाजूला सारून, कष्ट करणाऱ्या दलितांच्या हातांवर हे जग उभे आहे, असा विचार त्यांनी तेथे मांडला. दीड दिवस शाळेत गेलेला मनुष्य साहित्य संमेलनाचे उद्घाटन करीत होता.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बाळंतिणीच्या घरात पडलेल्या त्या ओंजळभर रुपयांची फेड ती हीच. ज्याचे नाव इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोर म्हणून लिहिले गेले, त्याला अण्णा भाऊंनी पुन्हा माणूस केले. जोगिणीचा मान आपल्या गावी यावा म्हणून फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावी एकटा जातो, जोगीण घेऊन येतो आणि वेशीवर मारला जातो. ज्या गावाने त्याला कुसाबाहेर ठेवले त्याच गावाच्या इभ्रतीसाठी तो मरतो. हा पहिलाच प्रसंग वाचकाला अस्वस्थ करून सोडतो. मग दुष्काळ येतो, मांगवाड्यात मुले तडफडू लागतात आणि फकिरा धान्याच्या कोठारांकडे वळतो. या कादंबरीत सारे वरच्या जातीचे लोक दुष्ट रंगविलेले नाहीत, हे मला विशेष वाटते. गावचे विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या पाठीशी उभे राहतात. हजेरीच्या जाचातून त्यांना सोडविण्यासाठी धडपडतात. अन्याय माणसांपेक्षा कायद्यात आणि रूढीत अधिक भरलेला असतो, याची लेखकाला जाण होती. शेवटी सरकार मांगांच्या बायकापोरांना डांबून ठेवते आणि त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः होऊन हजर होतो.

ही कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे ते शिरोडे, म्हणजे पेडणेकरांना ते घरचेच. शिरोड्याच्या त्या शिक्षकाने मांगवाड्यातील या लेखकाचे मोल ओळखले, यात आमच्या पेशाची थोडी तरी भरपाई झाली म्हणावयाची. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला महाराष्ट्र शासनाचे पारितोषिक मिळाले आणि तिच्यावर चित्रपटही निघाला.

कादंबऱ्यांपेक्षा अण्णा भाऊंच्या लघुकथा मला अधिक सरस वाटतात. ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. खेड्यातून मुंबईस आलेला भीमा नावाचा एक आडदांड मजूर दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. एके दिवशी स्मशानातील राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि तेव्हापासून मढ्यांची राख चाळून तो बायकोमुलीला जगवितो. पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी झुंजून तो प्रेताच्या तोंडातले सोने काढावयास जातो आणि त्याची बोटे त्या दाढांत अडकतात. बोटे कापावी लागतात; आणि नेमके तेव्हाच कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. कथेत कोठे भाषण नाही, घोषणा नाही, सरकारला शिवी नाही. तरीही धट्ट्याकट्ट्या माणसाला काम न देणाऱ्या शहरावर याहून कठोर आरोपपत्र मराठीत दुसरे आढळणार नाही.

१९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियास जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. ज्या देशाचा पोवाडा गायिला तो देश पाहण्याचे भाग्य लाभल्याचा आनंद त्यात ओसंडतो. तथापि, पाहुण्याला यजमान दाखवील तेवढेच दिसते, आणि स्टालिनच्या राजवटीत तिथल्या लक्षावधी निरपराध माणसांचे काय झाले त्याची छाया त्या पुस्तकावर पडलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तसेच, त्यांच्या सर्व कादंबऱ्या ‘फकिरा’च्या तोलाच्या आहेत असे म्हणणे आदरापोटी केलेली अतिशयोक्ती होईल. पुष्कळशा घाईने लिहिलेल्या आहेत. त्यांतील खलपुरुष आणि नायिका साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. पण चूल पेटविण्यासाठी ज्याला रोजच्या रोज लिहावे लागते त्याला पुनर्लेखनास सवड कोठून मिळावी? त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, पुस्तके खपली, आणि लेखक मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील खोपटात राहिला. शेवटच्या वर्षांत दारिद्र्य, एकाकीपणा आणि मद्याचे व्यसन यांनी त्यांना पोखरून काढले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यास चौदा दिवस उरले होते. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेखही एका अपघातात गेले.

तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृती तरुण लेखकांनी दलित पँथर ही संघटना स्थापन केली. तिचे नाव त्यांनी अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. फुल्यांनी शंभर वर्षांपूर्वी अर्पणपत्रिकेत जोडलेला धागा असा पुन्हा वर आला. या तरुणांतील बहुतेकांच्या कानांवर लहानपणी अण्णा भाऊंची गाणी पडलेली असणार.

भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये अण्णा भाऊंचे तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथील एका ग्रंथालयाच्या आवारात त्यांचा पुतळा बसविण्यात आला.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात ‘फकिरा’ची एक प्रत आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीपूर्वी नाव नोंदवून ती आळीपाळीने न्यावी. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांना वारणाकाठच्या बोलीतील काही शब्द अडतील. ते वहीत उतरवून आणावेत. मराठीच्या तासाला त्यांचा अर्थ सांगण्यात येईल.